निघायला लागणारा वेळ

मी पोटासाठी माणसांना पळवते. म्हणजे खरं पळवत नाही, ती पळतायत असं वाटायला लावते, आणि या दोन गोष्टींत जो फरक आहे त्याचा मला पगार मिळतो. सीवूड्सला स्टेशनच्या वरच्या इमारतीत आमचा स्टुडिओ आहे. खाली मॉल, त्याच्याही खाली गाड्या, आणि वर आम्ही काही जण दिवसभर खुर्चीत बसून पळण्याचा अभ्यास करतो. लग्नात बुफेच्या रांगेत कुणी ना कुणी विचारतंच, कार्टून बनवतेस का? पूर्वी मी समजावून सांगायचे, तोवर त्यांची पुरी थंड व्हायची. आता सरळ हो म्हणते.

बनवतो तो खेळ थोडक्यात असा. दोन संघ असतात आणि प्रत्येक संघात निरनिराळे हीरो. एक जण भिंत उभी करतो, एक जण जखमा बऱ्या करतो, एक जण छतावर बसून नेम धरतो. बंदुका जवळजवळ सगळ्यांकडेच असतात, म्हणून याला हीरो शूटर म्हणतात. खेळ परदेशातल्या एका कंपनीचा. त्यातल्या काही हीरोंची हालचाल करायचं काम आमच्याकडे आलं होतं आणि माझ्या वाट्याला आली ती वेगासाठी प्रसिद्ध करायची होती अशी एक बाई. तिचं नाव सांगायला करारात मनाई आहे, म्हणून बाईच म्हणते.

आता बाईचा वेग. वेग म्हणजे एक आकडा असतो, आणि तो मी ठरवत नाही. तो ठरवणारी माणसं वेगळी, आणि ती त्या आकड्याला देव्हाऱ्यातल्या टाकासारखं जपतात, कारण एकीचा वेग वाढवला की बाकीच्या सगळ्या हीरोंचं गणित बिघडतं. खरं सांगायचं तर खेळात पळतं ते एक अदृश्य पिंप. खेळणाऱ्याने कळ दाबली की ते पिंप त्या आकड्याने सरकतं. आम्ही पिंपावर माणूस चढवतो आणि हे पिंप नाही, ही जिवंत बाई आहे अशी समजूत घालतो. त्यातून गंमत अशी की खेळणाऱ्याला स्वतःचा हीरो पूर्ण दिसतच नाही. दिसतात ते दोन हात आणि त्यातलं हत्यार. म्हणजे सगळं पळणं मनगटात, खांद्याच्या हेलकाव्यात आणि पावलांच्या आवाजात आणायचं. आकडा खेळणाऱ्याला सांगायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. त्याला फक्त वाटलं पाहिजे.

हे वाटायला लावण्यासाठी आधी स्वतः पळून बघावं लागतं. आपलंच पळणं मोबाइलवर टिपायचं आणि मग ते थांबवत थांबवत बघायचं, अशी आमची पद्धत. बेलापूरच्या आमच्या सोसायटीत त्यासाठी पार्किंग बरं पडतं. फरशी पुसायचा मॉप काखेत धरून मी दोन गाड्यांच्या मधून पळायचे, वळायचे, मॉप रोखायचे, पुन्हा पळायचे. एका शनिवारी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला, की काही सभासद पार्किंगमध्ये सफाईच्या साहित्यासह विचित्र वर्तन करत आहेत, तरी त्यांनी ते आपापल्या घरात करावे. त्याखाली बाबांनी लिहिलं, ती माझी मुलगी आहे आणि ती कामावर आहे. पुढे कुणी काही लिहिलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी वॉचमनने मला लिफ्टपाशी जरा जास्तच अदबीने नमस्कार केला.

त्या मॉपमधून मी जे कमावलं त्याचा मला फार अभिमान होता. आमच्या विद्येचा पहिला धडा असा, की कुठलीही हालचाल आधी उलटीकडून सुरू होते. उडी मारायची तर माणूस आधी खाली दबतो, दगड फेकायचा तर हात आधी मागे जातो. ही तयारी दाखवली नाही तर हालचालीत जीव येत नाही. म्हणून माझी बाई पळण्याआधी खांदे किंचित खाली घ्यायची, हत्यार कमरेशी ओढायची, बोटं सैल करून पुन्हा आवळायची, आणि मग निघायची. ते एवढं देखणं झालं होतं की ऑफिसातली माणसं चहाचे कप घेऊन माझ्या मागे उभी राहून बघायची.

मग ते चाचणीला गेलं आणि उत्तर आलं: बाई संथ वाटते.

मी प्रोग्रामरकडे गेले. त्याने आकडा काढून दाखवला. आख्ख्या खेळात सगळ्यात मोठा आकडा तिचाच होता. चाचणीवाल्यांचं म्हणणं मात्र असं, की हातोडा घेऊन फिरणारा तो जाडा हीरो तिच्यापेक्षा चपळ वाटतो. आकडा वाढवा, असं मी हळूच सुचवून पाहिलं. त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या घरातलं माणूसच विकायला काढलं होतं.

तेव्हा मी माझ्या बाजूने जे जे करता येईल ते केलं. हातांचे हेलकावे वाढवले. पावलांचा आवाज जलद केला, तर कुणीतरी शेजारी मसाला कुटतंय असं वाटायला लागलं. पळताना आजूबाजूचं जग थोडं रुंद दिसेल असं करून घेतलं. त्याने वेग वाटतो, हे खरं, पण आमचं प्रमाण चुकलं आणि एका चाचणीवाल्याला मळमळायला लागलं. बाई संथ ती संथच.

नेमकं त्याच सुमारास घरीही एका माणसाला संथ ठरवण्याचं काम चालू होतं.

बाबा आयुष्यभर चालले. द्रोणागिरीच्या एका कंटेनर यार्डात ते सुपरवायझर होते, आणि डब्यांच्या त्या उंच गल्ल्यांतून दिवसभर फिरणं हीच त्यांची नोकरी. निवृत्तीनंतर चालायला कारण उरलं नाही म्हणून त्यांनी एक शोधलं. दर रविवारी सकाळी बेलापूरहून दिवाळ्याला, खाडीकाठच्या कोळीवाड्यात, चालत जायचं आणि होड्या लागल्या लागल्या मासे घेऊन चालत यायचं. मूळचा कोकणातला माणूस, तेव्हा माशाच्या बाबतीत त्यांचा दुसऱ्या कुणावर विश्वास नाही. मासे घेणं हे निमित्त. खरी मजा लवकर पोचण्याची, आणि गर्दी व्हायच्या आत पापलेटाचा कल्ला उचलून बघण्याची. घरी आल्यावर ते पिशवी ओट्यावर ठेवायचे आणि कोणकोण त्यांच्या नंतर आले आणि त्यांना काय मिळालं नाही, ते रंगवून सांगायचे.

पावसाळ्याच्या आधी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी नंतर चालायला सांगितलं होतं. रोज चाला, दम लागला तर थांबा, एवढंच. पण डॉक्टर सांगतात एक आणि घर ऐकतं दुसरंच.

रविवार पुन्हा सुरू झाले खरे, पण कसे, ते सांगते. बाबा शर्ट घालून तयार झाले की आई त्यांना खुर्चीत बसवायची आणि दंडाला बीपीचं मशीन लावायची. बीपी बरं असलं की गोळी. गोळी रिकाम्या पोटी नको म्हणून केळं. केळ्यावर लगेच चालू नये म्हणून थोडं बसायचं. मग मोजे, मग बूट. वाकायचं नाही म्हणून नाड्या आई बांधायची, आणि एकीकडे फुगा मोठा झाला तर पुन्हा सोडून बांधायची. मग टोपी. मोबाइल सापडायचा, पण चार्ज नसायचा, म्हणून तो चार्जिंगला लावायचा. तोवर बाटलीत पाणी भरायचं, आणि ते कोमट करायचं. निघताना दोन घोट पिऊन घ्या म्हणायचं, आणि प्यायलेच आहात तर बाथरूमला जाऊन या म्हणायचं. घरातून निघणाऱ्याला ‘कुठे’ असं विचारू नये, अपशकुन होतो, हा नियम आई काटेकोर पाळते. ‘कुठे’ सोडून बाकी सगळं विचारते.

यातलं एकही काम बिनकामाचं नव्हतं, आणि मीही त्यात होतेच. मोबाइल मीच शोधायचे, आणि स्वेटर राहिला हे लिफ्टपर्यंत धावत जाऊन मीच सांगायचे. नमनालाच घडाभर तेल जायचं आणि बाबा दिवाळ्याला पोचायचे तोवर उन्हं वर आलेली असायची. त्यांची नेहमीची मासेवाली टोपलीवर पाणी मारत म्हणायची, “काका, लय उशीर केला. सगला माल गेला, आता बोंबीलच हाय.”

बाबा बोंबील घेऊन यायचे. पिशवी ओट्यावर ठेवायचे आणि काही न सांगता हात धुवायला जायचे.

आईने त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. पूर्वी ज्या वेळेला हा माणूस पापलेट घेऊन घरी यायचा, त्या वेळेला आता तो जेमतेम दिवाळ्यात पोचतो, म्हणजे हा हळू झाला. ती मावशीला फोनवर सांगायची, हळू झालेत गं आता, मला मेलीला घोर लागतो. बाबा समोर पेपर वाचत असायचे. आमच्याकडे माणूस समोर असला तरी त्याच्या तब्येतीबद्दल त्याच्यावरून बोलायची रीत आहे. मावशीने तोडगा दिला आणि आईने मोबाइलवर मासे मागवायला सुरुवात केली. प्लास्टिकच्या डब्यात बर्फावर ठेवलेले, कापून, धुऊन, वासासकट सगळं काढून टाकलेले तुकडे आले. बाबांनी डबा उचलून, फिरवून, चारी बाजूंनी पाहिला. त्यात कल्ला उचलून बघण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. आई म्हणाली की आता रविवारी दिवाळं नको, खालच्या बागेत फेऱ्या मारा, तिथे बाक तरी आहेत. बाबा बरं म्हणाले. ते इतक्या सहज बरं म्हणाले की मला भीती वाटली.

ते बागेत गेले नाहीत. पहिल्या रविवारी पाय दुखतो म्हणाले, दुसऱ्या रविवारी काही म्हणालेच नाहीत. यार्डात उभं आयुष्य चाललेला माणूस दिवाणावरून जेवणाच्या टेबलापर्यंत आणि तिथून परत एवढाच उरला. आणि खरोखरच हळू चालायला लागला.

इकडे ऑफिसात आमच्या टीमच्या लीडने मला बोलावलं. ती माझ्याहून थोडी लहान आहे आणि मराठीत गोड बोलते, इंग्रजीत काम सांगते. तिने माझ्या बाईचं निघणं पडद्यावर लावलं आणि अगदी सावकाश, एकेक चित्र पुढे सरकवत दाखवलं. कळ दाबली, इथे. पिंप लगेच निघालं, तेही इथेच. आणि हात? हात अजून खांदे खाली घेतायत, हत्यार ओढतायत, बोटं आवळतायत. खेळणाऱ्याला तर फक्त हात दिसतात. म्हणजे तो निघालाय आणि त्याची बाई अजून घरातच आहे. पुढे ती कितीही जोरात पळाली तरी त्याच्या मनात ती उशिरा निघालेलीच राहते. जाड्याचं तसं नाही. तो कळ दाबताक्षणी हलतो, मग भले रेंगाळत का चालेना.

ती म्हणाली की तुझी तयारी सुंदर आहे, ती काढ. सिनेमात तयारी चालते, कारण तिथे बघणारा वाट बघतो. इथे बोट कळीवर असतं, त्याला वाट बघवत नाही. मी म्हटलं, मग तिच्यात वजन राहणार नाही, ती कागदाची वाटेल. त्यावर तिने दुसरा नियम सांगितला. पुढून जे काढशील ते मागे लाव. आधी निघू दे, आणि मग थांबताना तिचे खांदे हलू देत, हत्यार डोलू दे, श्वास बसू दे. वजन गेलं नाही पाहिजे, फक्त त्याची जागा बदलली पाहिजे.

मी चिडले होते. मॉप घेऊन केलेली सगळी मेहनत होती ती, आणि लीड ती सुंदर आहे असं सांगून काढायला लावत होती. तरी काढलं. पुढच्या चाचणीचं उत्तर आलं, त्यात बाईचा वेग वाढवल्याबद्दल आभार मानले होते. प्रोग्रामरचे. त्याने आकड्याला हातही लावला नव्हता. त्याने ते आभार शांतपणे स्वीकारले, आणि मला एक समोसा दिला.

त्या रविवारी सकाळी मी उठले तर बाबा दिवाणखान्यात कपडे करून बसले होते. शर्ट, पँट, पायात बूट, नाड्या सुटलेल्या. आई स्वयंपाकघरात होती. मी विचारलं, चाललात का बाबा? ते म्हणाले, नाही. मग नाड्यांकडे बघत म्हणाले, “मी हळू चालत नाही गो. तुम्ही मला निघूच देत नाही.”

मला खरंच लाज वाटली. सगळा आठवडा मी एका नसलेल्या बाईच्या निघण्याची चिंता केली होती. आणि आपल्या घरात कळ दाबून आख्खी सकाळ ताटकळत बसलेला माणूस मला दिसला नव्हता. सवयीने मी ऑफिसातलंच केलं. निघण्याआधी जे जे होतं ते काढायला घेतलं. नाड्यांचे बूट काढले आणि पाय सरकवला की झालं असे जोडे आणले. गोळी उठल्याबरोबर, चहा-बिस्किटांबरोबर. मोबाइल रात्रीच चार्जिंगला. एक लहान पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवली आणि तिच्यात पाणी, जिभेखाली ठेवायची गोळी आणि टोपी कायमची टाकून ठेवली. डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं. ते म्हणाले, मी चालाच म्हटलं होतं, तुम्ही थांबवलंत कशाला? हे मी आईला शब्दशः सांगितलं.

बाबांची अडचण नव्हतीच. अडचण आईची होती. पिशवीकडे ती सवत आल्यासारखी बघत होती. मी तिला एकेक गोष्ट समजावत गेले, बीपी आल्यावर बघता येतं, केळं आल्यावर खाता येतं, पाणी पिशवीत आहे. ती सगळ्याला हो हो करत राहिली आणि शेवटी म्हणाली, “आणि ते निघून गेल्यावर मी काय करू?”

आजवर मला वाटत होतं की ती तयारी बाबांसाठी चालली आहे. ते बोलताना तिचे हात रिकामेच एकमेकांवर घासले जात होते, ते बघून मला कळलं की अँजिओप्लास्टीच्या वेळी दवाखान्यात काढलेल्या रात्रीपासून तिला हातांना काम लागतं. सुचलं तेवढं बोलले. म्हटलं, आल्यावर कर सगळं. जे जे आधी करतेस ते सगळं आल्यावर कर. बसव, बीपी बघ, पाणी कोमट करून दे, ओरड. काही सोडू नकोस.

तिने थोडा विचार केला आणि विचारलं, ओरडले तर चालेल? मी म्हटलं, चालेल.

पुढच्या रविवारी सकाळी आई पोह्यांना फोडणी घालत होती. बाबा खोलीतून आले, पिशवी खिळ्यावरून काढली, पाय जोड्यांत सरकवले, “येतो” म्हणाले आणि गेले. आई पळी हातात घेऊन बाहेर आली तोवर लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला. ती दाराकडे बघत राहिली. फोडणी करपली. मग तिने गॅस बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली.

ती हलली नाही. मी चहा दिला, तो कठड्यावर गार झाला. मी म्हटलं, अगं बस तरी. ती म्हणाली, तू तुझं काम कर. माझं काम तिच्याशेजारी उभं राहण्यावाचून दुसरं काही नव्हतं, म्हणून मीही उभी राहिले. खालचा रस्ता, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, त्यापलीकडचं वळण, एवढंच आमच्या गॅलरीतून दिसतं.

त्या वळणावर बाबा दिसले तेव्हा इस्त्रीवाल्याकडे अजून गिऱ्हाईकही नव्हतं. इतक्या लवकर आले होते. हातातली पिशवी भरलेली होती आणि तिच्यातून एक चपटी शेपटी बाहेर आली होती. पापलेट मिळालं होतं.

मी त्यांचं चालणं बघत होते. माझा धंदाच तो आहे, मला दुसरं काही बघता येत नाही. पावलं आखूड पडत होती. डावा पाय जमिनीवरून पुरता उचलला जात नव्हता. पिशवीचा हात अंगापासून जरा लांब धरलेला, तोल सांभाळायला. एका झाडाखाली ते थांबले, पिशवी दुसऱ्या हातात घेतली, आणि ती घ्यायला थांबलो असं दाखवत श्वास घेतला. आईने काढलेला अर्थ चुकीच्या कारणाने का होईना, खरा होता. बाबा हळू झाले होते. मी काय काय काढून टाकलं, तरी मूळ आकडा कमी झाला होता आणि तो पुन्हा वाढणार नव्हता.

आईने पदराने डोळे पुसले आणि आत वळता वळता, टॉवेल कुठे, मशीन कुठे, पाणी ठेवलं का, असं स्वतःशीच पुटपुटायला लागली. दारातून तिने पुन्हा एकदा खाली पाहिलं.

“बघ,” ती म्हणाली, “किती भरभर चाललेत.”

मी हो म्हटलं. आकडा सांगायचा नसतो.